ठिपका बंद करून बघा: एका सिनेमा-क्लबच्या वर्गणीचं वर्ष

भाच्याने वाढदिवसाला ही वर्षभराची वर्गणी भेट दिली तेव्हा म्हणाला, "मावशी, तुला कोडी आवडतात ना? मग हे खास तुझ्यासाठीच." हे म्हणजे एक ऑनलाइन सिनेमा-क्लब. दर शुक्रवारी एक चित्रपट, सोबत तो चित्रपट 'उलगडून सांगणारं' दहा-पंधरा पानी टिपण आणि रविवारी संध्याकाळी सदस्यांची व्हिडिओवर चर्चा. गेल्या महिन्यात वर्ष संपलं. क्लबचं नाव लिहीत नाही. एक तर असे क्लब हल्ली बरेच आहेत आणि साचा थोडाफार सारखाच असतो. दुसरं म्हणजे खाली जी फजिती सांगणार आहे, ती निम्मी माझी स्वतःची आहे.

कोड्यांचं भाचा म्हणाला ते खरं आहे. मी एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचते, एकोणीस वर्षं झाली. अकरा बाय अकराची चौकट, आडवे शब्द, उभे शब्द आणि दर आठवड्याला ह्रस्व-दीर्घाशी भांडण. आडव्या शब्दातला 'मी' उभ्या शब्दात 'मि' म्हणून खपवता येत नाही. वाचकांची पत्रं येतात. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. अवघड कोडं रचणं हे सगळ्यात सोपं. शब्दकोश उघडायचा, कुणी ऐकलं नसेल असं एखाद्या गवताचं नाव काढायचं आणि लिहायचं, 'एक प्रकारचं गवत (४)'. झालं. कुणाच्या बापाला सुटणार नाही. पण त्यात माझी हुशारी ती काय? आता हे बघा: 'सोनं म्हणा की धोतरा, उलटं केलं तरी तेच (३)'. हे सुटलं की माणूस कपाळावर हात मारतो, कारण उत्तर पहिल्यापासून समोरच होतं. (कनक.) म्हणून एखादी गोष्ट कळायला अवघड आहे यावरूनच ती थोर आहे असं कुणी सुचवायला लागलं की माझे कान टवकारतात. हा क्लब वर्षभर तेच सुचवत होता.

प्रत्येक पोस्टरखाली पाच रेघा असतात, फिकटपासून गडदपर्यंत. या मोजपट्टीचं नाव 'गहनता'. एक रेघ म्हणजे सोपा चित्रपट, पाच म्हणजे गहन. सांगायला हे फक्त 'प्रेक्षकाच्या पूर्वतयारीसाठी' आहे. प्रत्यक्षात साइटवरची मांडणीही त्याच क्रमाने, पाच रेघांचे दहा चित्रपट बघून झाले की तुमच्या नावापुढे एक पदक चिकटतं आणि चर्चेत "तुम्ही अजून तीनवरच का?" असं विचारणारे लोक भेटतात. कराटेच्या पट्ट्यांसारखं.

या पट्टीवर 'बायसिकल थीव्ज'ला (१९४८) एक रेघ आहे. सायकल चोरीला जाते, बापलेक ती शोधत वणवण करतात, शेवटी बापच दुसऱ्याची सायकल उचलायला जातो आणि पोरासमोर पकडला जातो. यात न कळण्यासारखं काही नाही, म्हणून एक रेघ. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमानच्या 'जान दिएलमान'ला (१९७५) पाच. (या चित्रपटाचं पूर्ण नाव म्हणजे घर क्रमांक, रस्ता आणि पिनकोडसकट एक पत्ता आहे, पोस्टमनला आवडेल.) आता गंमत बघा. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं की आजवरचे सर्वोत्तम चित्रपट कोणते. पहिल्या खेपेला वर आला 'बायसिकल थीव्ज'. मग १९६२ ते २००२ अशी पाच वेळा 'सिटिझन केन'. २०१२ साली 'व्हर्टिगो'. आणि २०२२ साली सोळाशेहून जास्त जणांनी मतं दिली, तेव्हा 'जान दिएलमान'. म्हणजे एकाच मासिकाच्या एकाच यादीत, सत्तर वर्षांच्या अंतराने, एक रेघवालाही पहिला आणि पाच रेघवालाही पहिला. मधला 'व्हर्टिगो' तर १९५८ साली आला तेव्हा समीक्षकांनी त्याला काही डोक्यावर घेतलं नव्हतं. चित्रपट तोच राहिला, बघणारे बदलले. हे मी एका रविवारी बोलून दाखवलं. सूत्रसंचालक म्हणाले, "रोचक मुद्दा आहे," आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पण 'जान दिएलमान'च्या पाच रेघा मला अजून पचलेल्या नाहीत, कारण त्या चित्रपटात गहन असं काहीच नाही. तीन तास एकवीस मिनिटं आहे, हे खरं. एक विधवा बाई, तिचा वयात आलेला मुलगा, तीन दिवस. ती अंथरूण आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते, दुपारी एक गिऱ्हाईक येऊन जातं, त्याने दिलेले पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून झाकण ठेवते. पहिला तासभर मी तीनदा घड्याळ बघितलं. मग दुसरा दिवस आला. ती पैसे टाकते आणि झाकण ठेवायला विसरते. मी रात्री अकरा वाजता, घरात एकटी, मोठ्याने म्हणाले, "अगं, झाकण!" त्यानंतर बटाटे जास्त शिजतात. ती ते पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते, त्याचं काय करायचं तेच तिला सुचत नाही. एखाद्या भयपटातही माझ्या पोटात असा गोळा आला नसेल. पहिल्या दिवशी तिचा सगळा शिरस्ता आपल्याला सक्तीने पाठ करायला लावलेला असतो, म्हणूनच दुसऱ्या दिवशी एक उघडं भांडं बघून आपण दचकतो. त्या तासाभराच्या कंटाळ्याचं तिथे असं चीज होतं.

क्लबच्या टिपणात मात्र बटाट्यावर दीड पान होतं. बटाटा म्हणजे भूमी, साल म्हणजे सामाजिक मुखवटा, पाणी म्हणजे गर्भ. मला तर तो बटाटाच दिसला. त्याच्या बटाटा असण्यावरच तर सगळा चित्रपट उभा आहे. या चित्रपटाला धीर लागतो, अर्थ लावणारं डोकं नव्हे. धीर लागणं आणि गहन असणं एकच, असं मानलं तर बँकेतली रांगसुद्धा पाच रेघांची.

आता ठिपक्याकडे येते. या सेवेचं हे सगळ्यात मोठं वैशिष्ट्य, जाहिरातीतही हेच पुढे असतं. चित्रपट चालू असताना पडद्यावर एखादं प्रतीक आलं की डाव्या कोपऱ्यात केशरी ठिपका लुकलुकतो. त्यावर क्लिक केलं की चित्रपट थांबतो आणि दोन ओळींचा खुलासा उघडतो. तुम्ही काही न करता ही सोय चालूच असते. बंद करायची असेल तर सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरावं लागतं. मला तिथे पोचायला दोन महिने लागले.

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' (१९७९) मी ठिपका चालू ठेवून बघितला. सव्वीस वेळा लुकलुकला. पाणी म्हणजे स्मृती. गंज म्हणजे काळ. ओल्या जमिनीवर पडलेल्या माणसाजवळ एक काळा कुत्रा येऊन बसतो, तिथे ठिपका: 'मृत्यूचा दूत'. मी क्लिक केलं, वाचलं, परत चित्रपटात शिरायला बघितलं आणि जमेना. तोवर मला त्या कुत्र्याचं येऊन बसणं इतकं बरं वाटलं होतं. चहूकडे ओल, पडझड, शांतता आणि त्यात एक ऊबदार जीव आपण होऊन शेजारी येतो. आता तिथे एक पाटी लागली. पुढे तोच कुत्रा त्या माणसामागून येतो आणि बायको विचारते, हा कुठून आला? यमदूताबद्दल असं कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे खुद्द तारकोव्हस्कीने आपल्या पुस्तकात बजावून ठेवलंय की चित्रपटातला 'झोन' (माणसं जिथे चोरून शिरतात तो गूढ, बंदी असलेला प्रदेश) कशाचंही प्रतीक नाही, झोन म्हणजे झोन. टिपणात याचा उल्लेख नव्हता. अर्थात दिग्दर्शकाचं म्हणणं म्हणजे शेवटचा शब्द असंही मी मानत नाही. चित्रपट हातातून सुटला की तोही एक प्रेक्षकच. पण निदान दुसरी बाजू म्हणून चार ओळी द्यायला काय हरकत होती?

कॉलेजात संस्कृतच्या वर्गात 'गंगायां घोषः' हे उदाहरण घोटून घेतलं होतं. गंगेवर गवळीवाडा. आता प्रवाहावर काही वाडा उभा राहत नाही, म्हणून 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. आणि 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटल्यामुळे जो गारवा, जे पावित्र्य त्या वाड्याला चिकटतं, ती व्यंजना. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने याच न बोललेल्या अर्थाला काव्याचा आत्मा म्हटलं. तेव्हा सुचवून सांगण्याला माझा विरोध कसा असेल? आमची तर ती घरचीच विद्या. पण तो गारवा वाचकाला आपोआप लागतो. 'गारवा' अशी चिठ्ठी कुणी गंगेला बांधत नाही. आणि मुळात गवळीवाडाच नसेल तर गारवा लागायचा कुणाला? क्लबच्या टिपणांतून दर आठवड्याला वाडा उठवला जायचा आणि गारवा तेवढा बाटलीत भरून मिळायचा.

'बायसिकल थीव्ज'मध्ये चोरीला गेलेल्या सायकलच्या कंपनीचं नाव 'फिडेस' आहे. लॅटिनमध्ये याचा अर्थ विश्वास, श्रद्धा. हे मला क्लबच्या टिपणातूनच कळलं आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. छान आहे ते. पण मी या चित्रपटाला पहिल्यांदा रडले तेव्हा मला लॅटिन येत नव्हतं. अजूनही येत नाही. सायकल गेली म्हणजे नोकरी गेली, एवढं रडायला पुरेसं होतं. आत आणखी एक अर्थ ठेवलेला आहे तो सापडला तर बोनस, नाही सापडला तर काही अडत नाही. कोड्यातही मी असंच करते. कधीकधी चौकटीतली पहिली ओळ जोडून वाचली की एक छोटं वाक्य होतं. एकोणीस वर्षांत तीन वाचकांच्या लक्षात आलं. बाकीच्यांचं कोडं म्हणून काही अपुरं राहिलं नाही.

आता फजिती.

दुसऱ्या महिन्यात, ठिपका अजून चालूच होता तेव्हा, एक चित्रपट आला, चार रेघांचा. नाव राहू दे. त्यात रात्रीचं एक दृश्य आहे: लांबून दिसणारं घर, कॅमेरा जागचा हलत नाही, संवाद नाही, चांगली तीन-चार मिनिटं. घरातली माणसं आदल्या दृश्यातच घर सोडून गेलेली. आणि उजवीकडच्या खिडकीत एक छोटा पिवळा उजेड. मी श्वास रोखून ठिपक्याची वाट बघितली. ठिपका आला नाही! टिपण उघडलं. त्यातही उल्लेख नाही. मला जो आनंद झाला तो लिहायला लाज वाटते. टिपणकाराच्या नजरेतून सुटलेलं प्रतीक मला सापडलं होतं.

रविवारी मी सांगितलं. माणसं गेली, पण घराने त्यांची आठवण जागती ठेवली आहे, वगैरे. बोलता बोलता मलाच गहिवरून आलं. सूत्रसंचालक म्हणाले, "फारच सूक्ष्म निरीक्षण आहे आपलं." एक गृहस्थ म्हणाले, तो दिवा त्यांनीही टिपला होता आणि तो किंचित थरथरत होता, जणू वात. एका मुलीने तो पिवळा रंग पहिल्या दृश्यातल्या स्कार्फशी जोडला. दहा मिनिटं चाललं हे. मग कधी फारशा न बोलणाऱ्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "मला नाही दिसला दिवा. मी आत्ता परत लावून बघितलं. ती खिडकी काळीच आहे." त्यांना समजुतीच्या सुरात सांगण्यात आलं की स्क्रीनची प्रखरता वेगवेगळी असते, शिवाय काही गोष्टी अशा थेट बघून दिसत नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं."

रात्री मी ते दृश्य पुन्हा लावलं. दिवा जागच्या जागी. खात्री पटली, झोपावं म्हणून टेबलावरचा दिवा बंद केला. खिडकी काळी झाली. दिवा लावला, खिडकीत उजेड. बंद केला, काळोख. तीनदा करून बघितलं. माझ्या लॅपटॉपच्या काचेत माझाच टेबललॅम्प, आणि मी त्याच्यावर एक कुटुंब हळहळवलं होतं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर कबूल केलं. थरथरता दिवा बघितलेले गृहस्थ त्या दिवशी आवाज बंद ठेवून बसले. सूत्रसंचालक म्हणाले, "तरीही एक वाचन म्हणून ते ग्राह्य धरता येईल." मी म्हटलं, मग गहनतेची एक रेघ माझ्या टेबललॅम्पच्या नावावर वाढवा. कुणी हसलं नाही. त्या न बोलणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या.

यावरून प्रतीकं-बितीकं सगळी हवाच, असं मला म्हणायचं नाही. मला त्या बाईंचं वागणं फार आवडलं. चित्रपट चांगला की वाईट, याबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी परत जाऊन खिडकी बघितली. मला वाटतं 'चव ज्याची त्याची' हे आपण फार लवकर म्हणतो, भांडण मिटवायला. भांडण करण्यासारख्या पुष्कळ गोष्टी त्याच्या अलीकडे असतात. खिडकीत उजेड आहे का. भांड्यावर झाकण होतं का. कुत्रा घाबरवतो की धीर देतो, आणि कशामुळे तसं वाटतं: तो कुठून चालत येतो, आवाज कसला आहे, माणूस त्याच्याकडे बघतो का. इथवर दोघं बरोबर चालू शकतात. त्याच्यापुढे ज्याचा त्याचा रस्ता.

आणि तो रस्ता कुणी अडवू नये. एका पाच रेघांच्या चित्रपटाबद्दल मी "मला नाही आवडला" म्हणाले, तर एक तरुण सदस्य चटकन म्हणाला, "काकू, तुम्हाला तो कळला नाही." पोरगा हुशार होता, वाईट हेतूही नव्हता. पण 'आवडला नाही' म्हटलं की काही लोकांना 'कळला नाही' असंच ऐकू येतं. चित्रपट मला चांगला कळला होता. एका माणसाला आपल्या बापाबद्दल काय वाटतं हे त्यात आरसे, पक्षी आणि जळतं झाड वापरून सांगितलं होतं, आणि तो माणूस आणि बाप दोघं एका खोलीत एकदाही नीट दाखवले नव्हते. मला ते दोघं बघायचे होते.

त्या पोराला मी कालिदासाची गोष्ट सांगितली. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे. सुनंदा नावाची प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, तिला एकेका राजापुढे नेते आणि प्रत्येकाची ओळख करून देते: कूळ, पराक्रम, वैभव. म्हणजे टिपणच की. अंगदेशाच्या राजाचं भरपूर कौतुक करून होतं. इंदुमती त्याच्यावरून नजर काढते आणि म्हणते, "चल." यावर कालिदासाने जे लिहिलंय त्याचा शेवटचा तुकडाच आपण ऐकलेला असतो, 'भिन्नरुचिर्हि लोकः'. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. तो राजा हवासा नव्हता असं नाही, आणि तिला नीट पारखता येत नव्हतं असंही नाही. मग, लोकांच्या आवडी वेगळ्या असतात. राजालाही कमीपणा नाही, तिच्या डोळ्यांवरही शंका नाही. "कळला नाही" म्हणणाऱ्यांसाठीच जणू लिहून ठेवलंय. पोरगा म्हणाला, "पण काकू, तिने निदान प्रत्येक राजाची ओळख पूर्ण ऐकून घेतली, मगच पुढे गेली." या एका वाक्यासाठी मी त्याला मनातल्या मनात पाच रेघा दिल्या. खरंच आहे ते. तीस मिनिटांत बंद केलेल्या चित्रपटाबद्दल मी मत द्यायचे ते त्या दिवसापासून सोडलं.

माझाही एक नियम वर्षभरात मोडला, तोही सांगते, नाहीतर हे परीक्षण फारच माझ्या बाजूचं होईल. प्रतीक अंगाला लागू नये, आपोआप जाणवावं, ही माझी ठाम समजूत. क्लबात एकदा 'ढोबळ प्रतीकं' असा विषय निघाला आणि मला नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' (२०१३) आठवला. बांधलेलं मेलेलं डुक्कर खांद्यावरच्या काठीला टांगून पोरगा आणि घरचे चाललेत आणि मागच्या भिंतीवर थोर समाजसुधारकांची चित्रं. शेवटी पोराने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. यापेक्षा उघड काय असणार? ठिपका लावायची गरजच नाही, सगळा पडदाच ठिपका आहे. आणि तरी तो दगड लागतो. का लागतो, याचा मी बराच विचार केला. भिंतीवर तशी चित्रं असतातच, ती दिग्दर्शकाने आणून टांगल्यासारखी वाटत नाहीत, हे एक. आणि दगड फेकण्याआधी त्या पोराला सगळ्यांनी किती वेळ हसून घेतलंय, ते आपण बसून बघितलेलं असतं. पण हे काही पूर्ण उत्तर नाही, आणि माझा नियम तेव्हापासून लंगडतोच आहे.

बाकी सेवेबद्दल थोडक्यात. चित्रपटांची निवड उत्तम आहे, यात वाद नाही; एरवी मी यातले निम्मे कधीच बघितले नसते. चित्र स्वच्छ. सबटायटल्सचा अक्षरआकार वाढवता येतो, पण पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत, आणि गहन चित्रपटांत बर्फ फार असतो. टिपणं कोण लिहितं ते दिलेलं नसतं. चित्रपट कसा घडला, किती दिवसांत, कुठल्या अडचणीत, ही माहिती टिपणात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते, आणि बऱ्याचदा तीच सगळ्यात वाचनीय. चर्चेची वेळ दीड तास, त्यात पहिली वीस मिनिटं "माझा आवाज येतोय का" मध्ये जातात. मी ठिपक्याबद्दल लेखी तक्रार केली होती. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं उत्तर आलं आणि त्यानंतर मलाच ठिपक्याची जाहिरात यायला लागली.

कुणी घ्यावी? ज्याला एकट्याने बसून अनोळखी चित्रपट लावायचा आळस आहे, कुणीतरी शुक्रवार ठरवून दिला की जो बसतो, त्याने जरूर घ्यावी. मी तशीच आहे. घेतल्याबरोबर सेटिंगमध्ये जा: 'खाते', मग 'पाहण्याचा अनुभव', मग 'सहाय्य', मग 'वाचन-खुणा', आणि तिथे बंद करा. टिपण चित्रपटानंतर दोन दिवस उघडू नका. पदकाकडे बघू नका. ज्याला "याचा अर्थ काय" हे कळल्याशिवाय झोप येत नाही, त्यानेही घ्यावी, पण त्याला ठिपका आवडेल आणि माझं हे सगळं वाचून राग येईल. हरकत नाही. अशी माणसं माझी कोडी सोडवतात, त्यांच्यावरच माझं चाललंय.

वर्ष संपताना एक फॉर्म आला: तुमचा आवडता क्षण कोणता? मी आधी 'झाकण' लिहिलं, मग खोडलं. मग तो चार रेघांचा चित्रपट पुन्हा काढला, खोलीतला दिवा बंद केला आणि ते घराचं दृश्य पूर्ण बघितलं, यावेळी जसं बनवलंय तसं. खिडकी काळी, घर काळं, तीन-चार मिनिटं. नीट बघितलं. मला नाही आवडलं. त्या खिडकीत दिवा असतानाच ते जास्त चांगलं होतं.

फॉर्ममध्ये हे लिहायला जागा नव्हती. वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली आहे, यावेळी माझ्या पैशाने.